वस्तऱ्याच्या मुठीवर गंजिफा: माझा अनुभव

पावसाळ्यात लॅकर, म्हणजे रंगावरचं पारदर्शक वार्निश, मारू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

काकांच्या जुन्या वस्तऱ्याची मूठ शिसवीची. तिच्यावर दशावतारी गंजिफातली, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरची, दहा अवतारांची दहा चिन्हं काढायची ठरवली, दोन्ही बाजूंना पाच-पाच. आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी, म्हणजे ही कला आम्हा बेळगावकरांच्या शेजारचीच. पात्याला कागदी टेप गुंडाळली, मूठ पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसली आणि अ‍ॅक्रिलिक रंग लावले. मासा, परशू छान उतरले. कासवाच्या पाठीवरच्या रेघा तर केसाएवढ्या बारीक आल्यात, त्यांचा मला अभिमान आहे.

अडलं ते शेवटच्या थराला. साबण-पाणी लागणार, म्हणजे वरून लॅकर हवंच. रंगाच्या दुकानात विचारलं तर, “दोन तासांत कडक वाळतंय बघा!” बाहेर आषाढाची झड लागलेली, त्याबद्दल अवाक्षर नाही. हात मारला आणि बघता बघता सगळी मूठ दुधाळ झाली. कासव दिसेना. दुकानात परत गेलो तर म्हणे, “तुमचा रंगच हलका असणार.” रंगाचा काडीचाही दोष नव्हता! शहापुरातल्या एका फर्निचर पॉलिशवाल्या मामांनी खरं कारण सांगितलं. लॅकर पातळ करणारं थिनर भर्रकन उडतं, त्याने थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. म्हणून सफेदी. दुकानदाराला हे माहीत नसेल, हे मला अजूनही पटत नाही.

“खरवडू नको बाळा, कोरड्या हवेची वाट बघ,” मामा म्हणाले. बेळगावात जुलैत कोरडी हवा! रोज सकाळी उठून आभाळाकडे बघायचं आणि चरफडायचं. श्रावणात एकदा दुपारी कडक ऊन पडलं, तेव्हा रिटार्डर (थिनर सावकाश उडावं म्हणून घालतात ते) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला. सफेदी विरली, कासव परत दिसलं. जीव भांड्यात पडला.

हो, मूठ सेल्युलॉइडची किंवा अ‍ॅक्रिलिकची असेल तर हे थिनर जवळही आणू नका, मूठच विरघळेल. चित्राला ऑइल पेंट वापरलात तर लॅकरखाली तो सुरकुततो. मुठीच्या आतल्या बाजूला रंग नको, पातं मिटताना घासतं. आणि या सगळ्या दिवसांत पात्याला तेलाचं बोट फिरवत राहा, टेपखालीही गंज धरतो.