आमची वाटचाल : खडखड थांबली, मांडणी उरली

बाबांच्या टायपिंग क्लासात मराठी रेमिंग्टन टाइपरायटरची खडखड दिवसभर चाले. मी तिथेच कॉम्प्युटर मांडले, कोर्टाचे अर्ज-दावे टाइप करून द्यायला लागलो. ५ मशीनच्या विंडोज लायसन्सचा हिशोब काढल्यावर सरळ डेबियन, म्हणजे फुकटातलं लिनक्स, टाकलं.

पहिल्याच आठवड्यात ईमेल लिहिताना ॲटच्या जागी अवतरणचिन्ह उमटू लागलं. कीबोर्ड गेला असेल म्हणून नवा आणला, तरी तेच. इन्स्टॉल करताना मी ‘इंग्लिश यूके’ निवडलं होतं. आपलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं ना! पण आपल्या बाजारातल्या बोर्डांवर अक्षरं अमेरिकी मांडणीची असतात. भाषा वेगळी, कळांची मांडणी वेगळी, हे तिथे कळलं. नवा बोर्ड आजही कपाटात आहे.

मग बाहेरची कामं आली. एका वकीलसाहेबांचा सकाळी फोन, “पासवर्ड कुणी बदलला?” गेलो. खिडकीत नुसते ठिपके, त्यातून काय कळणार? युजरच्या नावाच्या रकान्यात तोच पासवर्ड मारून पाहिला, तर देवनागरी अक्षरं! साहेबांना मांडणी बदलायला सारखं बटण दाबायला नको म्हणून कीबोर्डच्या फाइलमध्ये मीच मराठी आधी आणि इंग्रजी नंतर लिहिली होती. लॉगिनचा पडदा पहिली मांडणी उचलतो. क्रम उलटा केला, मशीन रीस्टार्ट केलं, झालं. त्या फेरीचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार?

तेव्हापासून तक्रार आली की आधी एवढंच विचारतो, कुठली कळ दाबली आणि काय उमटलं? निम्मी कामं फोनवरच उरकतात.

एकदा मात्र मशीनचा काही दोष नव्हता. आमच्या टायपिस्ट ताईंच्या दाव्यात सगळीकडे ‘शेतकर्‍यांच्या’ऐवजी ‘शेतकर्यांच्या’. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सरकारी प्रमाण मांडणीत, J ची कळ दाबली की साधा र येतो. ऱ हवा तर शिफ्ट धरून J, मग हलंताची (पाय मोडायची) D, मग य. ताईंनी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. त्या दाव्याची ११ पानं पुन्हा छापली, आमच्या खर्चाने.

बाबा इन्स्क्रिप्टला हात लावत नाहीत. त्यांच्या मशीनवर आयबसमधून (मांडण्या पुरवणाऱ्या प्रोग्राममधून) रेमिंग्टनची मांडणी लावून दिलीय. बोटं जुन्या सवयीने धावतात, चुका जवळपास नाहीत. परवा विचारत होते, ओळ संपत आली की घंटी का वाजत नाही?