झाकणाची शेगडी आणि आसोद्याची वांगी

जळगावच्या माणसाला ग्रिल शिकायची काय गरज, असं विचारणारे मला पुष्कळ भेटले. प्रश्न चुकीचा नाही. थंडी पडली की शेतात कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटवून टोपलीभर वांगी एका दमात भाजणारी माणसं आपण. विस्तव आपल्याला नवा थोडाच आहे! पण काड्यांचा जाळ वेगळा, कोळशाचा निखारा वेगळा, आणि वर झाकण आलं की तो तिसराच प्रकार होतो. त्या तिसऱ्या प्रकाराशी जमवून घेण्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

दिवाळीच्या सेलमध्ये मी ही शेगडी मागवली. तीन पायांवर उभी असलेली गोल, खोलगट कढई, त्यात दोन जाळ्या (खालची कोळशाची, वरची पदार्थांची) आणि वर तेवढंच खोल झाकण. कढईच्या बुडाशी आणि झाकणावर सरकत्या चकतीची भोकं. हा आकार अमेरिकेतला, १९५२ सालचा. शिकागोकडे पाण्यावर तरंगणारे खुणेचे धातूचे गोळे बनवणाऱ्या एका कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ कामाला होते. उघड्या शेगडीवर वारा त्रास देतो म्हणून त्यांनी तसाच एक गोळा मधोमध कापला, अर्ध्याचं भांडं केलं आणि अर्ध्याचं झाकण. संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात जो वारा सुटतो, तो पाहता या माणसाची अडचण मला लगेच पटली.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाना, पकड आणि अर्धा तास. शेजारचे अमळनेरकडचे काका कंपाउंडवरून वाकून बघत होते. ‘हाई काय लई उना रे भो?’ म्हणाले. कोंबडी भाजायची शेगडी आहे म्हटल्यावर त्यांनी चुलीवरच्या रश्श्याचा विषय काढला, आणि तो विषय निघाला की आमच्याकडे लवकर संपत नाही.

पहिल्यांदा रिकामी शेगडीच अर्धा-पाऊण तास कडक तापवून घ्यायची असते. नव्या पत्र्यावरचं कारखान्याचं तेल जळून जातं, वास निघून जातो. मग खरी गोष्ट सुरू होते ती कोळशापासून.

कोळसा घ्यायचा तो लोणारी, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळसा खाण्याच्या वस्तूखाली चालत नाही, त्यात गंधक असतं. आपल्याकडे इस्त्रीवाले जिथून पोतं नेतात त्या वखारीत बाभळीचा मिळतो आणि तो उत्तम. पोतं उघडून बघावं. मुठीएवढे तुकडे हवेत, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यायला हवा. अर्धवट जळलेलं लाकूड आत असेल तर ते धूर करतं आणि त्याच्या ठिणग्या उडतात. भुगा चाळून बाजूला काढायचा, नाहीतर तो तुकड्यांच्या फटीत बसून हवा अडवतो.

पेटवायला रॉकेल नको, पेट्रोल तर नकोच. रॉकेलचा वास पहिल्या घासाला येतोच. डबे-घमेली करणाऱ्या कारागिराकडून मी पत्र्याचं एक नळकांडं करून घेतलं: दोन्ही बाजूंनी उघडं, खालून चार बोटांवर जाळी, खालच्या भागाला गोल भोकं, बाजूला लाकडी मूठ. वर कोळसा भरायचा, खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे पेटवायचे आणि हात लावायचा नाही. गरम हवा वर चढते, खालून ताजी ओढली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत अगदी वरच्या कोळशावरही राखेची पांढरी साय धरते. ती साय येईपर्यंत काही भाजायला ठेवू नये. काळा कोळसा पदार्थाला कडूच करतो.

आता हवा. या शेगडीत जाळ कमी-जास्त करायला कोळसा घालत-काढत बसायचं नसतं, भोकं फिरवायची असतात. खालचं भोक पूर्ण उघडं ठेवलं की निखारा फुलतो, अर्धं केलं की पाचेक मिनिटांनी उतरतो. पाचेक मिनिटं हा शब्द महत्त्वाचा. गॅसची कळ फिरवल्यावर ज्योत त्याच क्षणी ऐकते, कोळसा सावकाश ऐकतो. चकती जरा सरकवून थांबायचं, मगच पुढचा विचार करायचा. वरचं भोक शक्यतो उघडंच ठेवावं, नाहीतर धूर आत कोंडून पदार्थावर काजळीचा थर बसतो. आणि झाकण उचलून सारखं बघायची सवय सोडावी लागते. झाकण उघडलं की दोन गोष्टी एकदम होतात: साठलेली उष्णता निघून जाते आणि निखाऱ्याला भरपूर हवा मिळून तो भडकतो. म्हणजे वरून थंड, खालून करपलेलं. घरच्या सगळ्या पाहुण्यांना झाकण उचलून बघायचं असतं, हा या शेगडीचा सगळ्यात मोठा शत्रू.

झाकणावर एक काट्याचं तापमापक असतं. ते झाकणाच्या टोकाजवळची हवा मोजतं, जाळीवरचा पदार्थ नाही. त्यापेक्षा तळहात बरा. जाळीच्या वर वीतभर अंतरावर हात धरायचा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच सेकंद टिकला तर मध्यम, आठ-दहा टिकला तर मंद.

कोंबडीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आपल्या घरातला काळा मसाला घातल्याशिवाय कोंबडी आम्हाला कोंबडी वाटत नाही. पण तो मसाला करतानाच खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजलेले असतात. तसा मसाला चोपडलेली तंगडी थेट निखाऱ्यावर धरली की बाहेरचा मसाला मिनिटभरात जळून कडवट होतो आणि हाडाजवळ मांस गुलाबीच राहतं. यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र वापरायचे. पहिला, कोळसा सगळीकडे पसरायचा नाही. सगळा एका बाजूला लोटायचा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची. कोंबडी रिकाम्या बाजूला, झाकण बंद, वरचं भोक कोंबडीच्या डोक्यावर येईल असं फिरवलेलं, म्हणजे गरम हवा तिच्यावरूनच जाते. दुसरा, आधी फक्त मीठ, आलं-लसूण, हळद, तिखट आणि तेल लावायचं. काळा मसाला तेलात कालवून शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने फिरवायचा आणि मग क्षणभर निखाऱ्यावर चटका द्यायचा. याने मसाल्याचा वास राहतो, कडवटपणा येत नाही. काकांनी एक तंगडी खाल्ली आणि रश्श्याचा विषय त्या दिवशी काढला नाही.

शिजली का हे रंगावरून ठरवू नये. टोचून बघायचं सुईचं तापमापक स्वस्त मिळतं. हाडाला न टेकवता जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसलं की खायला सुरक्षित. तंगडीला मी ८० च्या पुढे जाऊ देतो, तिथे ती जास्त मऊ होते. चरबी ठिबकून जाळ उठला तर पाणी मारायचं नाही, राख उडून सगळी कोंबडीवर बसते. झाकण लावायचं, हवा तुटली की जाळ आपोआप बसतो.

एव्हाना घरात जाळीचा प्रश्न उभा राहिला होता. आई माळकरी. कोंबडीच्या जाळीवर तिचं काहीही भाजलं जाणार नव्हतं, कितीही घासली तरी. मग दुसरी जाळी आली, दुसरा चिमटा आला आणि त्यांची जागा स्वयंपाकघरात ठरली, माझ्या कोंबडीच्या सामानाची मात्र बाहेरच्या मोरीवर. शिवाय आमच्याकडे चातुर्मासात सोडलेली वांगी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात येत नाहीत. म्हणून तोवर पनीर, ढोबळी मिरची, कणसं, रताळी. कणीस सालासकट पाण्यात बुडवून ठेवून लावलं तर आतल्या आत वाफेवर शिजतं, मग साल सोलून निखाऱ्यावर फिरवायचं.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी जळगावजवळच्या आसोदा गावची वांगी आणली. बाहेरच्या लोकांना भरताचं वांगं म्हणजे जांभळं माहीत. आपलं हे फिकट हिरवं, पांढरट झाक असलेलं, गर भरपूर आणि बिया कमी. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. निवडताना आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्यायचं, जड असलं की बिया असतात.

काड्यांच्या जाळात वांगं चहूबाजूंनी ज्वाळेत असतं. साल झटकन जळते, गर तिथल्या तिथे शिजतो आणि धुराचा वास आत उतरतो. निखाऱ्यावर ज्वाळा नसते, नुसती धग असते. झाकण लावून निवांत भाजलेलं वांगं मऊ होतं खरं, पण साल काळी पडण्याऐवजी सुरकुतते आणि भरीत उकडल्यासारखं लागतं. आईने चव घेऊन ‘गॅसपेक्षा बरं’ एवढंच म्हटलं, आणि जळगावात याला कौतुक म्हणत नाहीत.

म्हणून मी काड्याच शेगडीत आणल्या. मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी या सुमारास निघते, बांधावर ढीग पडलेले असतात. त्यातल्या बुंध्याकडच्या, अंगठ्याएवढ्या जाड काड्या वीतभर तोडून घेतल्या. शेंड्याच्या बारीक काड्या नुसत्या भुर्रकन जळून जातात. वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात फिरवायचा, लाल निखाऱ्यावर मूठभर काड्या टाकायच्या आणि झाकण न लावता वांगी थेट त्या ज्वाळेत ठेवून उलटसुलट करायची. साल सगळीकडून काळी होऊन तडकली की वांगी रिकाम्या बाजूला घ्यायची, निखाऱ्यावर आणखी दोन-चार काड्या टाकायच्या आणि आता झाकण लावायचं. हवा कमी पडली की काडी पेटत नाही, धुमसते, आणि तो धूर वांग्यात शिरतो. झालं की नाही ते देठाजवळ दाबून बघावं. पोट लवकर मऊ होतं, देठाकडचा भाग शेवटी. मग ताटाखाली झाकून वाफ जिरू द्यायची, सोलायचं आणि बडजीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरवी मिरची-लसणासोबत ठेचायचं. वरून तेलात परतलेली कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. हे भरीत आईने काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पन्नास माणसांची भरीत पार्टी असेल तर ही शेगडी कामाची नाही, शेतातच जावं. चार-सहा माणसांना मात्र गॅसपेक्षा कितीतरी सरस.

एक गोष्ट बजावून सांगतो. काम झाल्यावर ऊब घ्यायला शेगडी घरात किंवा बंद व्हरांड्यात कुणीही ओढू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. झालं की वरची-खालची भोकं बंद करावीत. निखारा विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख मात्र दुसऱ्या दिवशीच काढावी, आत एखादा निखारा रात्रभर जिवंत राहतो.

फेब्रुवारी सरत आला की माझं अंगणातलं काम कमी होतं. मे महिन्यात पारा ४५ कडे जाणाऱ्या गावात भर उन्हात कोळसा पेटवणं हा शहाणपणा नाही. त्याआधी रोडगे जमवायचे होते, ते आता जमतात. कोळशाचे दोन भाग करून दोन्ही कडांना लावायचे, रोडगे मधल्या रिकाम्या जागेत, झाकण बंद, खालचं भोक अर्धं. अधूनमधून फिरवत राहिलं की तळ न करपता आतपर्यंत भाजतात. गोवरीच्या राखेतल्या रोडग्याची चव वेगळी, हे मला मान्य आहे. आईचं म्हणणं एवढंच, की याला तूप जास्त लागतं.