नवेगाव बांध तलावावर गेलात तर पाळीवर बसा

धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला की मामाजी मोकळे होतात, म्हणून दरवर्षी डिसेंबरात आम्ही पोट्ट्यांना घेऊन त्यांच्या गावी जातो, अन् गेलो की एक दिवस गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध तलाव ठरलेलाच. कोहमाऱ्याला हायवे सोडला की दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मग जंगल लागते अन् हवा एकदम गार.

यावेळी बोटिंग बंद होतं, काहून बंद ते कोणी धड सांगेना, पोट्टे हिरमुसले. मामाजी म्हणाले, "चला, मी तुमाले तलाव दाखवतो." मी म्हटलं, समोरच तर दिसून राह्यला ना. तर म्हणे, "ते पाणी होय. तलाव दाखवतो म्हटलं."

अन् पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, घेऊन गेले. बापा, इतकी वर्षं येऊन राहिलो पण ही पाळ अशी कधी पाहिलीच नव्हती! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, डोंगरांच्या मधात मातीची पाळ टाकून पाणी अडवलं. भोवतालच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात, बांध बांधताना त्या देवींनी मदत केली म्हणून, अन् कोलू पाटलांनाही कोलासूर देव म्हणून पुजतात. तलाव बांधणाऱ्याले देव मानणारा आपला मुलूख आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.

इथलं नॅशनल पार्क १९७५ मध्ये झालं, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प तर २०१३ मधला. म्हणजे तलाव अडीचशे वर्षं आधीचा, अन् तो धानासाठी. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना इथं राहिले, इथल्या पाखरांवर लिहिलं, पण ते पाखरं हिवाळ्यात येतात तेही या पाण्यापायीच ना.

पाळीवर बसून चून-भाकर खाल्ली. खाली कमळाच्या पानावर एक पाखरू लांब लांब बोटं टाकत चाललं होतं, पान दबायचं पण बुडत नव्हतं, लहानीनं भाकर हातातच धरून ठेवली पाहता पाहता. तेवढ्यात खालून कोणाचा तरी स्पीकर सुरू झाला अन् पाखरू उडालं. इथं स्पीकर आणू नका रे, हात जोडून सांगतो. मामाजी उठून गेले, "बाबू, पाखरं उडून राह्यले" एवढंच म्हणाले, पोरांनी लगेच बंद केला, बरं वाटलं.

परतताना मामाजींनी तुडूम समजावून सांगितलं. तुडूम म्हणजे तलावातून शेताले पाणी सोडायची जागा, त्याला खाली-वर भोकं असतात, पाणी उतरत जाईल तसं खालचं खालचं उघडायचं. त्यांच्या गावातही मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळचा, पण पोट्ट्यांना वाटलं मामाजींचाच! मग काय, अंधार पडला तरी तिथं गाडी थांबवावीच लागली. मोबाईलच्या टॉर्चमध्ये तुडूमाचे शेवाळलेले दगड दिसले, लहानीनं वाकून कान लावला अन् म्हणाली, "आजोबा, आत पाणी वाजून राह्यलं."