जसवंतगडचा चहा

बोगद्यातून गेलो असतो तर वेळ वाचला असता. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाला, तेव्हापासून अरुणाचलातल्या तवांगच्या गाड्यांना सेला खिंड चढायची गरज उरलेली नाही. मला मात्र खिंडच पाहायची होती. सुमोवाल्याला गळ घातली, १३,७०० फुटांवर उतरलो आणि दहा मिनिटांत डोकं जड झाल्यावर हौस फिटली. तळ्याचे चार फोटो काढून गुपचूप गाडीत येऊन बसलो.

उतार लागल्यावर थोड्या वेळाने जसवंतगड येतं. इथे ड्रायव्हरला थांबायला सांगावं लागत नाही. लष्करातला मोठा अधिकारी असो की टमाट्यांचा ट्रक, माथा टेकल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा या रस्त्याचा रिवाज. आमचा सुमोवाला बूट काढून आत गेलासुद्धा, मी अजून टोपी शोधत होतो.

आत रायफलमन जसवंतसिंह रावत यांचा अर्धपुतळा आहे आणि त्यांची खोली आहे. हो, खोली. खाट, नीट घातलेलं अंथरूण, इस्त्रीचा गणवेश, पॉलिश केलेले बूट. हा माणूस चीनशी झालेल्या युद्धात, १७ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इथे नुरानांगच्या लढाईत पडला. इथले जवान त्यांना ‘बाबा’ म्हणतात. पहाटेचा पहिला चहा त्यांचा, मग नाश्ता, रात्रीचं जेवण, झोपायच्या वेळी पांघरूण. मेल्यानंतरही त्यांना बढत्या मिळत गेल्या, असं सांगतात.

मी तसा नास्तिक. असल्या जागी मला उगाच हसू येतं आणि ते लपवताना अवघड होतं. इथे हसू आलं नाही. बूट पुसणाऱ्या जवानाच्या चेहऱ्यावर भक्तिभाव वगैरे काही नव्हता. वरिष्ठाचे बूट पुसावेत तसे तो पुसत होता. काम होतं ते.

“रोज?” मी विचारलं.

“रोज, साब. ड्यूटी है.”

बाहेर जवान येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देतात. पैसे घेत नाहीत. गोड, दाट, हात भाजेल इतका गरम चहा. तो पीत असताना शेजारच्या प्रवाशाने मला दंतकथा ऐकवली: जसवंतसिंह एकटे ७२ तास लढले, सेला आणि नुरा नावाच्या दोन मुलींनी त्यांना साथ दिली, शत्रूचे ३०० सैनिक पडले. या रस्त्यावर ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते.

लष्कराच्या नोंदीतली गोष्ट याहून आखूड आहे आणि मला ती जास्त हलवून गेली. ४ गढवाल रायफल्सच्या मोर्च्यावर त्या दिवशी हल्ल्यामागून हल्ले झाले. मग चिन्यांनी एक मशीनगन अगदी जवळ आणून लावली आणि मोर्च्यातल्या कुणालाही डोकं वर काढता येईना. तिघे निघाले. लान्स नाईक त्रिलोकसिंह नेगींनी स्टेनगनचा मारा चालू ठेवला. त्या आडोशाने जसवंतसिंह आणि गोपालसिंह गुसाईं सरपटत पुढे गेले, हातबॉम्ब टाकले आणि ती मशीनगनच हिसकावून घेतली. परतताना त्रिलोकसिंह आणि जसवंतसिंह पडले. गोपालसिंह जखमी होऊन वाचले. जसवंतसिंहांना महावीरचक्र, बाकीच्या दोघांना वीरचक्र.

म्हणजे तिघे होते. चहा एकाच्या नावाचा.

तक्रार करावी तर आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? १६६० सालची घोडखिंड म्हटलं की बाजीप्रभू. त्यांचे भाऊ फुलाजी त्याच लढाईत पडले, विशाळगडावर दोघांच्या समाध्या आहेत, पण पावनखिंडीच्या मोहिमेला दरवर्षी जाणाऱ्या माझ्याच मित्रांना मी फुलाजींबद्दल विचारलं, तर निम्मे गप्प. ब्रिटिश काळातल्या वायव्य सरहद्दीवरच्या सारागढी चौकीचंही तेच. १२ सप्टेंबर १८९७ रोजी ३६व्या शीख पलटणीचे २१ जण शेवटपर्यंत लढले, २१ पदकं दिली गेली, शीख पलटणी आजही तो दिवस पाळतात. चौकीत त्यांच्याबरोबर एक नोकरही मारला गेला. तो लढाऊ नव्हता, म्हणून त्याला पदक नाही. आकडा २१ वरच थांबला.

ही लबाडी आहे असं मला वाटत नाही. शंभर जणांसाठी अंथरूण घालता येत नाही, एकासाठी घालता येतं. पण त्या खोलीतून बाहेर पडल्यापासून त्रिलोकसिंह डोक्यातून जाईनात.

जंगचा धबधबा लागला. भव्य आहे, गर्दीही तशीच. पाच मिनिटांत निघालो.

तवांगचं युद्धस्मारक चाळीस फूट उंच स्तूपासारखं आहे. भोवती काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्या, त्यांवर १९६२ मध्ये या कामेंग भागात पडलेल्या २,४२० जणांची नावं, पलटणीप्रमाणे. इथे कुणालाही वेगळी खोली नाही. गढवाल रायफल्सची पाटी सापडली आणि मी नावावरून बोट फिरवत खाली येऊ लागलो. सिंह, सिंह, सिंह. थंडीने बोट बधिर झालं, ओळ चुकली, पुन्हा वरून सुरुवात केली.

पहाऱ्यावरचा जवान बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

“आपके कौन थे, साब?”

“कोई नहीं,” मी म्हणालो आणि नाव सांगितलं.

त्याने मान हलवली, हातमोजा काढला आणि पाटीच्या खालच्या टोकापासून वाचायला सुरुवात केली.