लिव्हर घट्ट, तरी मोटर सैल

१८ मिलिमीटरच्या फळीत ६ मिलिमीटर खोलीची खाच मारायची होती. माझा राउटर, म्हणजे फिरत्या बिटाने लाकडात खाच मारणारं यंत्र, छोटा, एका हातात मावणारा, ज्याला बरेच जण ट्रिमर म्हणतात. खाच मारून झाल्यावर व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) लावला तर सुरुवातीला ६ आणि दुसऱ्या टोकाला साडेसात. मधे कुठे पायरी नाही, झटका नाही. तळ हळूहळू खाली उतरत गेलेला. मोटरला बेसमध्ये, म्हणजे खालच्या नळीसारख्या भागात, आवळून धरणारा लिव्हर मात्र जिथे बंद केला होता तिथेच होता, आणि हाताने हलवून पाहिला तरी कडक.

या कडकपणामुळेच शोध लांबला. लिव्हर बंद करताना जोर लागतो म्हटल्यावर मोटर पक्की धरली गेली असणार, असंच कुणालाही वाटेल.

अशा यंत्रात खोली मुख्यतः दोन ठिकाणी निसटते. एक तर कॉलेटमधून, म्हणजे बिटाचा दांडा धरणाऱ्या पकडीतून, बिट (कापणारं पातं) खाली घसरतं, किंवा बेसमधली मोटर खाली सरकते. फळीवर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, त्यामुळे नुसती खाच बघून दोष कुठे आहे ते कळत नाही. त्यात माझं बिट होतं स्पायरल, भुसा वर फेकणारं. त्याच्या पिळाची दिशाच अशी असते की कापताना ते स्वतःला लाकडात खाली खेचतं. पकड थोडी जरी ढिली असली तरी ते ती शोधून काढतं. सरळ धारेच्या बिटाने हाच दोष कदाचित बरेच दिवस लपून राहिला असता.

प्लग काढला आणि बारीक मार्करने दोन रेघा मारल्या. एक बिटाच्या दांड्यावर, कॉलेटच्या नटाला अगदी चिकटून. दुसरी मोटरच्या अंगावर, बेसच्या वरच्या काठाला लागून. मग टाकाऊ तुकड्यात एक खाच मारली आणि परत प्लग काढून पाहिलं. बिटावरची रेघ जागच्या जागी. मोटरवरची रेघ बेसच्या आत गेलेली, दिसेनाशी झालेली. म्हणजे कॉलेट निर्दोष.

तरी कॉलेटबद्दल एक सांगतो, कारण तिथेही हाताला असाच चकवा बसतो. बिट पार तळाला टेकवून नट आवळला तर नट घट्ट लागतो, पण पकड अपुरी राहू शकते. आवळताना कॉलेट शंकूच्या आकाराच्या जागेत आत ओढलं जातं आणि त्याबरोबर बिटही जरासं आत जायला बघतं. खाली जागाच नसेल तर ते अडतं. म्हणून बिट टेकवून २-३ मिलिमीटर वर घ्यायचं आणि मग आवळायचं. आणि ६ मिलिमीटरचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये कधीच घालायचा नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेणाऱ्या यंत्रात तो धोकादायक आहे.

आता बेस. त्याची रचना साधी आहे. ॲल्युमिनियमची एक नळी, तिला उभी फट, फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक कान. कानांतून आरपार बोल्ट, बोल्टच्या एका टोकाला लिव्हर, दुसऱ्या टोकाला नट. लिव्हरच्या बुडाशी कॅम, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेला भाग, असतो. लिव्हर फिरवला की कॅम वॉशरवर दाबतो, कान जवळ येतात, नळी आवळते आणि मोटर धरली जाते. गोम इथे आहे की कॅमचा सगळा प्रवास फार थोडा असतो, मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या घरातला. त्यातला बराचसा भाग सैलपणा भरून काढण्यातच गेला तर आवळायला काही उरत नाही.

मोटर बाहेर काढून बेस उजेडात धरला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली फटीत. एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीचा) पिठासारखा भुसा आणि लाकडाचा चीक मिळून तिथे तपकिरी थर बसला होता. ब्रशने हलेना. हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खरवडला तेव्हा तो पापुद्र्यासारखा, नखाएवढ्या कडक तुकड्यांत निघाला. म्हणजे लिव्हर दाबल्यावर कान एकमेकांकडे येत होते ते त्या थरावर टेकेपर्यंतच. हाताला लागणारा जोर त्या थराला दाबण्यात खर्च होत होता, मोटरपर्यंत पोचतच नव्हता.

दुसरी वॉशरवर. कॅम ज्या बाजूला घासतो तिथे पातळ वॉशरला चंद्रकोरीच्या आकाराचा खड्डा पडला होता, बोट फिरवलं की कळेल इतका. कॅमचा उंचवटा नेमका त्या खड्ड्यात जाऊन बसत होता, म्हणजे होता तोही दाब कमी होत होता. शिवाय खड्ड्याच्या काठावरून चढताना लिव्हर अडखळायचा, आणि ते अडखळणंच मला कडकपणा वाटत होतं.

नळीची आतली बाजू आणि मोटरचं अंग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून कोरडं केलं. इथे तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारायचा मोह होतो, कारण मोटर वरखाली करताना चिकटते. तो टाळायला हवा. ही जागा घर्षणावरच चालते, आणि सिलिकॉन फळीवर उतरलं तर पुढे पॉलिशही नीट धरत नाही. कॅम आणि वॉशर यांच्यामध्ये मात्र घर्षण नकोच असतं, तिथे मेणाचा हात फिरवला. एकाच लिव्हरच्या दोन टोकांना अगदी उलट गरज आहे, हे मला या कामातलं सगळ्यात आवडलेलं ज्ञान.

वॉशर बदलून जाड, सपाट पितळी घातला. नट नायलॉनची रिंग असलेला, ज्याला नायलॉक म्हणतात तो होता. तो नुसत्या बोटांनी फिरत होता, म्हणजे रिंगची पकड गेलेली. असा नट परत परत वापरला की रिंग झिजते आणि राउटरच्या थरथरीने तो आपोआप मागे सरकतो. नवा घातला.

मग खरं नाजूक काम, नट कितपत आवळायचा ते. बोल्ट एम५ चा, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा, त्याच्या आट्यांचा पीच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिलिमीटर. पाव फेरा दिला की नट ०.२ मिलिमीटर पुढे सरकतो, आणि कॅमच्या हिशेबात ते खूप आहे. म्हणून लिव्हर उघडा ठेवून दर वेळी पाव फेऱ्याहून कमीच द्यायचा, मोटर घालायची, लिव्हर बंद करून बघायचं. उघड्या लिव्हरला मोटर स्वतःच्या वजनाने सहज खाली घसरली पाहिजे. बंद करताना अर्ध्या वाटेपासून जोर लागायला सुरुवात व्हावी आणि शेवटी लिव्हर किंचित हलका होऊन टेकावा. ते हलकं होणं म्हणजे कॅम आपला मध्य ओलांडून पलीकडे गेला, आता थरथरीने उघडणार नाही.

खात्री करायला बेस दोन पट्ट्यांवर ठेवला, बिट मधल्या मोकळ्या जागेत लोंबतं ठेवलं, रेघ नव्याने मारली आणि दोन्ही हातांनी मोटरवर भार दिला. रेघ हलली नाही. त्यानंतर टाकाऊ तुकड्यात त्याच स्पायरल बिटाने ३-३ मिलिमीटरच्या दोन फेऱ्यांत ६ ची खाच मारली. सुरुवातीला, मधे आणि शेवटी व्हर्नियरने ६ च दाखवले.

एवढं करूनही घसरत असेल तर लिव्हर बंद असताना फट बघा. दोन्ही कान एकमेकांना टेकले असतील तर नट कितीही आवळून उपयोग नाही, नळीच झिजून मोठी झालेली असते. आणि कानाच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली, तर तिथे नखाने खरवडून पाहा. मळ असेल तर निघून जाईल. नख अडकलं तर ती तडा आहे. ओतीव ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. तो बेस दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या.