नौपाड्यातले एल.एम.ई. काका आणि भाच्याचं आयटीआय

पावसाळ्यात ठाण्यात तीन हात नाक्यावर रिक्षात अडकून पडण्यापेक्षा चालत जावं, असा सल्ला देणार होतो. पण मेट्रोच्या कामाने रस्ता इतका खाल्लाय की चालणाऱ्यालाही वाली नाही. साताऱ्याहून रात्रभराचा प्रवास, नौपाड्यात काकांकडे बॅगा टाकल्या, तलावपाळीला चक्कर, कोपिनेश्वराचं दर्शन, तहसील कचेरीजवळची मिसळ (डोळ्यांतून पाणी, तरीही तर्री मागितली). झालं ठाणे बघून. खरं काम भाच्याच्या आयटीआय प्रवेशाचं होतं, कागदपत्रं तपासून घ्यायची होती.

काकू पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "आयटीआय? का रे बाळा, मार्क कमी पडले?"

पोराला दहावीला ७८ टक्के आहेत. तो काही बोलला नाही, पोह्यांतले शेंगदाणे ताटलीच्या कडेला लावत बसला. माझं डोकं तापलं होतं, पण काकूंच्या घरात काकूंशी भांडायची आमच्याकडे पद्धत नाही. भांडले ते काका.

काका मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजचे एल.एम.ई. (मेकॅनिकलची पदविका), साठच्या दशकातले. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथल्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "माझ्या कॉलेजचं नाव भिशीत मिरवतेस ना? ते कशासाठी निघालं होतं, ठाऊक आहे?" असं म्हणून त्यांनी जी गाडी सोडली ती चहा गार झाला तरी थांबेना.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली म्हणून १८८७ साली तिच्या नावाने संस्था निघाली, भायखळ्याला. पण राणी नावापुरती. गरज गिरण्यांची होती. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, आणि मग गिरण्यांचं पेवच फुटलं. यंत्रं विलायतेची आणि ती चालती ठेवणारे मास्तरही बरेचसे लँकेशायरकडचे. इथल्या पोरांच्या हाती ते काम यावं, म्हणून कातणं, विणणं, यंत्रं जोडणं, दुरुस्त करणं शिकवायचं होतं. कापडाच्या शाखेला लॉर्ड रिपनचं नाव होतं. पदवीचं काही नाही. बाहेर पडणारा एल.एम.ई. नाहीतर एल.टी.एम. (कापडाची पदविका).

"म्हणजे आयटीआयच की!" भाचा पहिल्यांदा बोलला.

"मग? लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे ड्रॉइंग शिकवायचे. बढतीची पाळी आली तेव्हा अँग्लो-इंडियन माणसाला पुढे केलं. सोडली नोकरी. बेळगावला सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर, १९१० ला किर्लोस्करवाडी."

संस्था १९२३ साली माटुंग्याला गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंच्या नावाने आहे. आज तिथे शिरायचं तर सीईटीत घासून घ्यावं लागतं, म्हणून काकूंना तिचा अभिमान. सुरुवातीचं भायखळा मात्र सोयीस्करपणे विसरायचं. पोराने हाताने काम शिकायचं म्हटलं की लगेच मार्क विचारतात. आमच्या साताऱ्यातही हेच चालतं, ठाण्याला एकट्याला नावं ठेवत नाही.

मग काकांनी शोकेसमधून लोखंडाचे दोन तुकडे काढले. एकाला खाच, दुसऱ्याला तशीच जीभ. एकात एक सरकवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. फटीतून उजेड म्हणून येईना. "नुसत्या कानशीवर केलाय. तीनदा बाद केला होता सरांनी." काकू त्या तुकड्यांनी लाइटबिलं दाबून ठेवतात.

आयटीआयमध्ये कागदपत्रांच्या रांगेत दीड तास गेला, त्याबद्दल लिहीत नाही. पण वर्कशॉपचं दार उघडं होतं. फिटरच्या ट्रेडची पोरं व्हाइसपाशी (लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, घट्ट धरणारा शिकंजा) ओळीने उभी, सगळ्यांच्या कानशी चाललेल्या. एका बुटक्या मुलाच्या पायाखाली लाकडी फळी होती. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला यावा लागतो, नाहीतर हात तिरका जातो आणि जॉब मधे फुगतो. दुसरा एक जण कानशीवर खडू घासत होता. म्हणजे लोखंडाचा कीस दातांत अडकून पुढच्या घासाला ओरखडे उठत नाहीत. सर जॉब घ्यायचे, काटकोन तपासायचा गुण्या लावायचे, खिडकीकडे धरायचे आणि न बोलता परत द्यायचे. ज्याला परत मिळाला तो पुन्हा घासायला लागायचा. भाचा दारातून हलेना. शेवटी मी त्याला दंडाला धरून काढलं.

जेवणानंतर काकांच्या समोर बसून त्याने ट्रेडची पसंती भरली, पहिला फिटर. घरून निघताना दाजींनी इलेक्ट्रिशियन बजावून सांगितलं होतं. त्यांना फोन कोणी करायचा यावर परतीच्या एसटीत पार लोणावळ्यापर्यंत आमचा वाद चालला होता.