दोन उडव्या

"मावशी, वेल्समधल्या एका डोंगरावर जाऊया, पण वर वाट नाही हां," असे स्विंडनचा भाचा म्हणाला तेव्हा मला हसूच आले. गोव्यातल्या केरी-सत्तरीत वाढलेल्या बाईला हा वाट नसण्याची भीती घालतोय! आमच्याकडे वाट नाही म्हणजे रान माजलेले, हातात कोयता हवा. तिथे डोंगरावर एक झाड नव्हते.

क्लाएरवेन धरणाखालून निघालो. जुन्या शिशाच्या खाणीपर्यंत पायवाट होती, मग ती ओढ्याकाठी विरून गेली. समोर द्रिगार्न वाउर, 645 मीटर. (‘वाउर’ लिहिताना फ, बोलताना व. वेल्श भाषेची खोड.) माथ्यावर दगडांच्या दोन राशी, थेट भाताच्या उडव्या. अर्ध्या तासात पोचू असे वाटले.

दोन तास लागले. मोलिनिया नावाच्या गवताचे गड्डे असतात. मे महिना असूनही गेल्या वर्षीचे पान पेंढ्यासारखे पिवळे. गड्ड्यावर पाय ठेवला तर तो कलंडतो, दोन गड्ड्यांमध्ये ठेवला तर काळे पाणी. चिखलणीच्या शेतात निदान पायाखाली धर असते. एकदा हिरवेगार शेवाळ बघून बिनधास्त पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेले. भाच्याने ओढून काढले, बूट आतच राहिला. कोपरापर्यंत हात घालून चाचपला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, आणि गार तर इतके की बोटे बधिरली. मान वर केली की उडव्या तेवढ्याच लांब.

वर एका राशीच्या डोक्यावर पांढऱ्या गारगोट्या आहेत. तिच्या आडोशाला बसून तिखट पुऱ्या खाल्ल्या. खालच्या एलान खोऱ्यातली धरणे बर्मिंगहॅमसाठी बांधली, भाचा सांगत होता. 1904 पासून पाणी 118 किलोमीटर नुसत्या उताराने जाते, पंप नाही. त्यासाठी शंभरेक माणसे उठवली, भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना.

आमच्याकडच्या अंजुणे धरणात घर गेलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. उन्हाळ्यात पाणी उतरले की आई जोते बघून येते, एवढेच एकदा म्हणाली होती. मी पुढे विचारले नव्हते.

उतरताना भाचा म्हणाला, डावीकडून जाऊ, तिथे कोरडे दिसतेय. तेही शेवाळच निघाले.